रीफ टँकमधलं फॉस्फेट आणि शेवाळ: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

नव्या रीफ टँकला, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकला, शेवाळ येतंच. टँक मांडून दोन-तीन महिने झाले की खडकांवर हिरवे केस लोंबायला लागतात, वाळू तपकिरी पडते आणि काच एक दिवसाआड पुसावी लागते. मग माणूस दुकानात जातो आणि शेवाळ मारण्याची बाटली घेऊन येतो. ती तुमच्याकडे आली असेल आणि अजून फोडली नसेल, तर तशीच बाजूला ठेवा. औषधाने मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजतं, त्याच्या अंगातलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरतं आणि थोड्याच दिवसांत त्यावर नवं शेवाळ पोसतं. नायट्रोजनला निदान वायू होऊन उडून जायची वाट आहे. फॉस्फरसला ती नाही. टँकमध्ये गेलेला फॉस्फरस तुम्ही बाहेर काढेपर्यंत आतच राहतो.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच हिशेबाच्या आहेत: रोज आत किती जातंय आणि बाहेर किती निघतंय.

आकडा कुठे ठेवायचा तेही आधीच सांगतो. फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि नायट्रेट २ ते १० पीपीएम. नवखे लोक शून्याच्या मागे लागतात आणि तिथेच घात होतो. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही फॉस्फरस लागतो. तो संपला की कोरल फिके पडतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) नावाचे सूक्ष्म जीव येतात. केसाळ शेवाळापेक्षा त्यांना घालवणं कितीतरी अवघड आहे.

१. आधी ओळख पटवा

काच-वाळूवर तपकिरी पुडीसारखा थर असेल, बोट फिरवलं की पुसला जात असेल, तर ते डायटम. नव्या टँकमध्ये ते येतात, पाण्यातली सिलिका संपली की आपोआप जातात. काहीही टाकू नका.

हिरवे, मऊ, ओढले की हातात येणारे धागे म्हणजे केसाळ शेवाळ. बारीक पिसासारखी फांदी दिसली तर ते ब्रायोप्सिस. ते चिवट असतं, मुळासकट खरवडावं लागतं. हिरव्या काचेच्या मण्यांसारखे फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया. फुगे टँकमध्ये फोडू नका, बुडाशी नखाने सैल करून अख्खेच बाहेर काढा. लाल-जांभळी साय धरली असेल आणि ती पापुद्र्यासारखी उचलली जात असेल तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. जिथे पाणी हलत नाही आणि घाण साचते तिथे ते बसतात, त्यामुळे पहिला उपाय वेव्हमेकरचं (टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवणं हाच. गुलाबी-जांभळा कडक लेप मात्र कोरलाइन शैवालाचा. तो टँक चांगला चालल्याची खूण आहे. खडकावरून तो खरवडू नका.

डायनो ओळखण्यात सगळ्यात जास्त गल्लत होते. तपकिरी, शेंबडासारखे ताणले जाणारे धागे आणि त्यांच्या टोकाला अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे. सकाळी दिवे लागण्याआधी कमी दिसतात, दुपारी सगळं झाकून टाकतात. शंका असेल तर सिरिंजने थोडा गाळ ओढा, झाकणाच्या बाटलीत टँकच्याच पाण्यासोबत जोरात हलवा, कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. पाण्यात पुन्हा धागे जुळून आले तर ते डायनो असण्याचीच शक्यता जास्त. अशा टँकमध्ये फॉस्फेट बहुतेक वेळा शून्याला टेकलेलं असतं. तिथे फॉस्फेट काढणारं माध्यम, म्हणजे फॉस्फेट शोषणारे दाणे, टाकलं तर दुखणं वाढतं. म्हणून ओळख पटल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

२. मोजायला शिका

रंग जुळवायच्या किटमध्ये ०.०३ आणि ०.१० या दोन्ही निळ्या छटा ट्यूबलाइटखाली सारख्याच दिसतात. परवडत असेल तर हॅना कंपनीचा फॉस्फेट मोजायचा डिजिटल चेकर घ्या. पण त्याची मर्यादाही लक्षात ठेवा. त्यातल्या एचआय ७१३ या मॉडेलची अचूकता ±०.०४ पीपीएम आहे. म्हणजे आज ०.०५ आणि उद्या ०.०८ आलं तर काहीच बदललेलं नसू शकतं. एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी, खाद्य टाकण्याआधी मोजा आणि वहीत लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की कल दिसतो.

मोजताना हात सावकाश चालवा. कुपी टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा, बाहेरून सुती कापडाने कोरडी पुसा आणि त्यानंतर फक्त झाकणाला धरा, कारण काचेवरचा बोटाचा ठसासुद्धा आकड्यात उतरतो. आधी टँकच्याच, पूड न टाकलेल्या पाण्यावर शून्य करून घ्या. मग चेकरसोबतच्या रसायनाची पुडी कात्रीने कापून तोंडाला चोच करा आणि पूड एका दमात आत ओता. कोपऱ्यात अडकलेली पूड टिचकीने झाडा, नाहीतर आकडा कमी येतो. दोन मिनिटं हलकेच हलवायचं, खळखळवायचं नाही. काचेला आतून बुडबुडे चिकटले असतील तर टिचकी मारून सोडवा. मग यंत्राची तीन मिनिटांची उलटी गणती संपू द्या.

खडक शेवाळाने भरलेले आणि चेकर शून्य दाखवतो, असंही होतं. यंत्र बिघडलेलं नसतं. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळाने आधीच उचललेलं असतं. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

३. पाणी

आपल्याकडे खरी कसोटी इथे आहे. मुंबई-पुण्याचा शौकीन ज्या पाण्यावर टँक चालवतो तसं पाणी लातूरला, बीडला किंवा जालन्याला नळाला रोज येईलच असं नाही. आपलं काम बोअर, टँकर आणि साठवणीच्या टाकीवर चालतं. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पीपीएममध्ये) हजारावर जाणं आपल्या भागात नवल नाही. पाणी काळ्या पाषाणातून येतं, त्यामुळे त्यात सिलिका विरघळलेली असते, आणि शेतीच्या भागात नायट्रेटही.

यात उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी २६-२७ अंशांवर ठेवायला आपण पाण्यावर फॅन लावतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे फॅन दोन-तीन अंश सहज उतरवतो. दमट कोकणात तो इतका लागू पडत नाही. पण तो थंडावा बाष्पीभवनाचाच असतो. दीडशे लिटरच्या टँकमधून रोज चार लिटर उडालं तर ते भरून काढायचा टॉप-अप महिन्याला १२० लिटर झाला. उडतं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. टॉप-अपचा टीडीएस ८०० असेल तर महिनाभरात ९६ ग्रॅम क्षार तुम्ही टँकमध्ये ओतलेत. त्यात फॉस्फेट ०.१ पीपीएम असेल तर १२ मिलिग्रॅम तेही, म्हणजे दीडशे लिटरमध्ये ०.०८ पीपीएम. त्याशिवाय सिलिका, नायट्रेट आणि जुन्या फिटिंगमधलं तांबं, जे गोगलगायींना थोडंसुद्धा सोसत नाही.

म्हणून टॉप-अपला आणि मीठ कालवायला फक्त आरओ-डीआयचं पाणी (आरओतून काढलेलं आणि उरलेले क्षार डीआय रेझिनने उचललेलं), टीडीएस शून्य. ‘पाच आहे, चालेल’ असं म्हणू नका. त्या पाचात फॉस्फेट किती हे टीडीएस मीटर सांगत नाही.

स्वयंपाकघरातला आरओ यासाठी चालत नाही. पाण्याला चव यावी म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलरमधून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा मिनरलची कार्ट्रिज लावतात. पिण्यासाठी ते बरोबर आहे, त्याला हात लावू नका. वीस लिटरच्या जारचं पाणीही मोजून बघितल्याशिवाय घेऊ नका. बॅटरीच्या पाण्याचंही तसंच: डब्यावर काहीही छापलेलं असो, ते कशातून काढलं आणि कशात साठवलं हे कळायला मार्ग नसतो.

आरओ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून एक वेगळं, बिनकव्हरचं युनिट जोडून घ्या: सेडिमेंट फिल्टर, कार्बन, बूस्टर पंप, ७५-८० जीपीडीचं (दिवसाला तितके गॅलन पाणी देणारं) मेम्ब्रेन आणि त्यापुढे मिश्र डीआय रेझिनचे दोन कॅनिस्टर एकापुढे एक. टीडीएस दोन ठिकाणी मोजा, मेम्ब्रेननंतर आणि रेझिननंतर. हजार टीडीएसचं बोअरचं पाणी चांगल्या मेम्ब्रेनमधून तीस-चाळीसवर येतं, बाकीचं रेझिन उचलतं. त्यामुळे मेम्ब्रेननंतरचा आकडा चढायला लागला की रेझिन भराभर संपतं. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि मीटरला तिचा पत्ता लागत नाही. वर्ष झालेल्या टँकमध्ये अचानक डायटम परतले तर पहिला संशय रेझिनवर घ्या.

असं युनिट एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर टाकाऊ पाणी सोडतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं २०१६चं लातूर आठवत असेल, तर ते मोरीत सोडताना हात अडखळायला हवा. ते एका ड्रममध्ये धरा आणि फरशी, संडास, गाडी धुणं यांना वापरा. कुंड्यांना नको, त्यात क्षार दाटलेले असतात. आणि मे महिन्यात घरात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण होत असेल तर मोठा टँक मांडूच नका. सत्तर-ऐंशी लिटरच्या टँकमध्येही मऊ कोरल सुंदर वाढतात. खोलीत एसी असेल तर फॅनची गरज कमी होते आणि टॉप-अपही.

४. खाद्य

पाणी शून्यावर आणलं की उरतो तो खरा मोठा स्रोत, आणि तो आपल्याच चिमटीत असतो. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. ते सगळं विरघळलं तर दीडशे लिटरच्या टँकमध्ये ०.२ पीपीएमची भर. वर टॉप-अपचा जो हिशेब केला, त्यात आख्ख्या महिन्याचं फॉस्फेट अर्ध्या ग्रॅम खाद्याइतकंसुद्धा भरत नाही. पाणी आधी सुधारायचं ते एवढ्यासाठी की त्याशिवाय बाकीचे आकडे खरे मानता येत नाहीत. पण फॉस्फेट उतरतं ते मुख्यतः खाद्याला शिस्त लावल्यावर.

तुमची चिमूट किती वजनाची आहे हे एकदा छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. बहुतेकांना धक्का बसतो. मासे एक-दीड मिनिटात संपवतील एवढंच टाका, टाकताना रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा) बंद ठेवा म्हणजे खाद्य ओव्हरफ्लोतून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, जाऊन कुजणार नाही. फ्लेक्सपेक्षा पेलेट्स बरे, कमी वाया जातात. गोठवलेल्या खाद्याचा क्यूब वितळवून गाळून घ्यायचा सल्ला सगळे देतात. जरूर घ्या, पण त्याने फार फरक पडेल अशी आशा धरू नका. बहुतेक फॉस्फरस त्या कोळंबीच्या अंगात असतो, धुवून जाणाऱ्या पाण्यात नसतो.

आणि मासे उपाशी मारू नका. शेवाळ दिसलं की खाद्य आठवडाभर बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. मासे अशक्त होतात, आजार उलटतो, आणि एक मेलेला मासा खडकाआड कुजला की सगळा हिशेब पाण्यात जातो.

आपल्या घरांत आणखी एक वाट आहे. शेतावरून येऊन किंवा गच्चीतल्या कुंड्यांना खत घालून कुणीतरी सरळ टँकमध्ये हात घालतं. १८:४६ डीएपीचा एक मध्यम दाणा साधारण २०-२५ मिलिग्रॅमचा असतो. त्यातून दीडशे लिटरच्या टँकमध्ये जवळपास ०.१ पीपीएम फॉस्फेट जाऊ शकतं. हात साध्या पाण्याने कोपरापर्यंत धुवूनच टँकला लावायचा हा नियम घरात सगळ्यांना सांगा. टँकची बादली, मग, पाइप वेगळे ठेवा. कपड्यांच्या पावडरीचा हात त्यांना लागता कामा नये.

५. हाताने काढा

ही पायरी कुणाला आवडत नाही, पण सगळ्यात जास्त फॉस्फेट एका फटक्यात हीच बाहेर काढते. वॉटर चेंजच्या दिवशी पंप बंद करा. एका हातात सायफनची नळी, दुसऱ्यात नवा टूथब्रश. शेवाळ घासताना नळीचं तोंड ब्रशच्या अगदी शेजारी धरा, म्हणजे तुटलेला धागा दुसऱ्या खडकावर जाऊन रुजणार नाही. छोटा खडक असेल तर काढून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात घासा. खडकांच्या फटीतला गाळ मोठ्या सिरिंजने फुंकून उठवा आणि ओढून घ्या.

वॉटर चेंज आठवड्याला १० टक्के पुरे. त्याने फॉस्फेट मात्र फारसं उतरत नाही: ०.३० असेल तर १० टक्के बदलल्यावर ०.२७. वॉटर चेंजचा खरा फायदा त्यासोबत निघणाऱ्या गाळात आहे. मीठ कालवताना खारटपणा ३५ पीपीटी (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६, टँकच्या पाण्याशी जुळवून घ्या.

दिवे आठ तासांवर आणा. खिडकीतून ऊन येत असेल तर जाड पडदा लावा.

६. खडक

कॅल्शियम कार्बोनेटचा खडक फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यात जास्त असलं की शोषतो, कमी झालं की सोडतो. महिनोन्‌महिने ०.५ वर राहिलेल्या टँकचं पाणी तुम्ही आज ०.०५ वर आणलं तरी दोन-तीन दिवसांत आकडा परत चढतो. उपाय फसलेला नसतो. खडक रिता व्हायला आठवडे, कधी महिने लागतात.

कुणाचा तरी मोडलेला टँक स्वस्तात मिळतोय म्हणून खडक घेत असाल तर आधी बादलीभर नव्या खाऱ्या पाण्यात पंप लावून आठवडाभर ठेवा आणि ते पाणी मोजा. आकडा मोठा आला तर पाणी बदलत राहा, तो उतरेपर्यंत खडक टँकमध्ये नको.

कायद्याचंही इथेच सांगायला हवं. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. प्रवाळाचा मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा विकत घेणं गुन्हा आहे. खडक मानवनिर्मित, सिरॅमिकचे घ्या, आणि कोरल घेताना ते कुठून आले याची कागदपत्रं आणि बिल मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा. काही शिंपले-शंखही याच यादीत आहेत, तेव्हा गोगलगायी घेतानाही हाच प्रश्न विचारा.

७. मग माध्यमं आणि मदतनीस

इतकं केल्यावर दीड-दोन महिन्यांनीही आकडा ०.१५-०.२० च्या वर अडला असेल तरच जीएफओ, म्हणजे लोह ऑक्साइडचे दाणे, आणा. वापरण्याआधी आरओच्या पाण्यात विसळा. पहिलं पाणी विटेच्या भुकटीसारखं लाल येतं. ते नितळ येईपर्यंत विसळत राहा. पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव भागाने सुरुवात करा. दाणे भरून त्यांतून पाणी सोडायच्या नळकांड्याला रिॲक्टर म्हणतात. रिअ‍ॅक्टरमध्ये दाणे फक्त वरच्या थरात हलके डुलताना दिसले पाहिजेत. उसळायला लागले तर घासून त्यांची पूड होते आणि टँकमध्ये उतरते. रिअ‍ॅक्टर नसेल तर जाळीच्या पिशवीत, सम्पमधल्या जोरदार प्रवाहात. आकडा आठवड्याला पाव भागाहून जास्त उतरू देऊ नका. झटक्यात फॉस्फेट गेलं की कोरल टोकांपासून पांढरे पडायला लागतात.

वीज गेली आणि रिअ‍ॅक्टर काही तास बंद राहिला तर आतलं पाणी प्राणवायूविना सडतं. वीज आल्यावर ते पहिलं पाणी टँकमध्ये सोडू नका, बादलीत काढून फेका. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट चालणार असेल तर ती वेव्हमेकर असू द्या.

सम्पमध्ये जागा असेल तर माझी पसंती जीएफओपेक्षा कीटोमॉर्फाला आहे. हिरव्या तारेच्या गुंत्यासारखं हे शैवाल रात्री दिवा लावून वाढवायचं आणि पंधरा दिवसांनी निम्मं उपसून फेकायचं. उपसणं विसरलात तर उपयोग शून्य, फॉस्फेट बाहेर जातं ते त्या मुठीतून. फेसावाटे घाण काढणारा स्किमर विष्ठा आणि खाद्याचे कण कुजण्याआधी काढतो. पाण्यात विरघळलेल्या फॉस्फेटला तो हात लावत नाही. गोगलगायी शेवाळ खातात, पण खाल्लेलं टँकमध्येच सोडतात. मोजक्या ठेवा. शेवाळ खाणारा सर्जनफिश छोट्या टँकमध्ये कोंडू नका.

व्होडका किंवा व्हिनेगर टाकून जिवाणू वाढवायची पद्धत पहिल्या वर्षी नको. त्याने फॉस्फेटपेक्षा नायट्रेटच जास्त उतरतं, आणि ते जिवाणू प्राणवायू खातात. मे महिन्यातल्या कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो, वरून वीज गेली तर मासे वर येऊन तडफडतात. लँथेनम क्लोराइडही नको. त्याचा पांढरा साका माशांच्या कल्ल्यांत बसतो.

८. गावाला जाताना

लग्नसराईत किंवा दिवाळीत चार-पाच दिवस घर बंद राहतं. शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा कधीच देऊ नका. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडतात, बघणाऱ्याला ते भुकेले वाटतात आणि प्रेमापोटी महिन्याभराचं खाद्य एका आठवड्यात आत जातं. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस खाद्याविना आरामात राहतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर दिवसाआड एक या हिशेबाने कागदाच्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा आणि डबा कुलपात ठेवा. टॉप-अपचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘टँकमध्ये फक्त हेच पाणी.’ काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा, म्हणजे किती ओतायचं हे फोनवर समजावत बसावं लागणार नाही.